नेटवर्कवरून ओएस आपोआप बसवणारा सर्व्हर कसा उभारायचा: पीएक्सई, डीएनएसमास्क आणि ऑटोइन्स्टॉल

एका मशीनवर लिनक्स बसवायचं तर पेनड्राइव्ह पुरतो. तीस मशीन्स समोर असली की तोच पेनड्राइव्ह डोकेदुखी होतो. प्रत्येक मशीनपुढे तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि कुठेतरी हात चुकून एकाचा टाइमझोन वेगळा, दुसऱ्याचं पार्टिशन वेगळं. नेटवर्क इन्स्टॉलचा सर्व्हर नीट उभा केला की मशीनला केबल जोडायची, चालू करायचं आणि इन्स्टॉल संपल्यावर एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन) आत शिरायचं, एवढंच उरतं.

उभारणीआधी एक गोष्ट मनात पक्की हवी. हा सर्व्हर म्हणजे नेटवर्कवरून डिस्क पुसणारी यंत्रणा आहे. ओएस बसवताना तो आधी डिस्क साफ करतो, आणि पूर्ण आपोआप चालणाऱ्या इन्स्टॉलमध्ये 'खात्री आहे का?' असं विचारणारं कुणी नसतं. चुकीचं मशीन चुकून नेटवर्कवरून बूट झालं तर त्यावरचा डेटा गेला. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर माझा एकच आग्रह दिसेल: ज्याचं नाव आपण मुद्दाम यादीत घातलेलं नाही, अशा मशीनला या सर्व्हरने काहीही करू नये.

उदाहरण म्हणून उबुंटू सर्व्हर घेतलं आहे. रेड हॅट आणि डेबियन कुटुंबांत काय बदलतं ते शेवटाकडे येईल. आदेश, सेटिंग्ज आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना मूळ इंग्रजी स्पेलिंग वापरा.

बटण दाबल्यापासून काय घडतं

नेटवर्क बूटची पद्धत पीएक्सई या नावाने ओळखली जाते. इंटेलने १९९९ मध्ये तिची २.१ आवृत्ती काढली आणि आजही मशीन्स मुळात तिच्याच नियमांनी वागतात.

मशीन चालू होतं तेव्हा नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच बसवलेला प्रोग्रॅम) डीएचसीपीची, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या प्रोटोकॉलची, हाक देतं. त्या हाकेत दोन जादा गोष्टी असतात. ऑप्शन ६० मध्ये 'पीएक्सई क्लायंट' अशी ओळख, आणि ऑप्शन ९३ मध्ये मशीनचा प्रकार: जुन्या बायोसवालं असेल तर ०, ६४ बिट यूईएफआय (बायोसची जागा घेणारं नवं फर्मवेअर) असेल तर बहुतेक वेळा ७, ६४ बिट एआरएम असेल तर ११. उत्तरात मशीनला आयपी पत्ता मिळतो, शिवाय कुठल्या सर्व्हरवरून कुठली फाइल उचलायची हेही कळतं. ती फाइल टीएफटीपीने, म्हणजे फाइल पाठवायच्या अगदी साध्या प्रोटोकॉलने, येते. ती बूटलोडर असते, म्हणजे ओएस सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. बूटलोडर आपली कॉन्फिग फाइल मागतो, मग कर्नल (ओएसचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टम) मागतो. कर्नल सुरू झाला की इन्स्टॉलर जागा होतो, एचटीटीपीवरून आयएसओ (पूर्ण इन्स्टॉल डिस्कची फाइल) आणि उत्तरांची फाइल (इन्स्टॉलच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) आणतो, आणि कामाला लागतो.

या साखळीत डीएचसीपी, टीएफटीपी आणि एचटीटीपी असे तीन वेगळे प्रोटोकॉल आहेत, आणि एक कडी तुटली तरी पडद्यावर दिसणारी चूक बहुधा मोघम असते. त्यामुळे सगळं एकदम उभारून मशीन चालू करायच्या फंदात पडू नका. एक कडी बसवा, तपासा, मग पुढची.

टीएफटीपी इतका साधा आहे की तो नेटवर्क कार्डाच्या रॉममध्ये मावतो, आणि तीच त्याची मर्यादाही आहे. मूळ नियमात तो ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोचपावतीची वाट बघतो, मग पुढचा पाठवतो. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा, त्यामुळे त्या हिशेबाने सुमारे ३२ एमबीला तो अडकतो. मोठे तुकडे पाठवण्याची सोय पुढे आली, पण एकेक तुकडा पाठवून थांबायची चाल बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. म्हणून टीएफटीपीवरून फक्त बूटलोडर, कर्नल आणि इनिटआरडी द्यायचे. जड माल सगळा एचटीटीपीवर.

आधी नेटवर्क वेगळं करा

इन्स्टॉलसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क) घ्या, किंवा सरळ एक वेगळा स्विच. यात दोन फायदे आहेत. कामाच्या नेटवर्कवर आधीपासून डीएचसीपी सर्व्हर असतोच, आणि एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हर म्हणजे कुणाचं उत्तर आधी पोचेल ते नशिबावर. दुसरं, ज्या केबलवर मुद्दाम आणून जोडल्याशिवाय मशीन या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, ती केबल हीच सगळ्यात भक्कम सुरक्षा.

वेगळं नेटवर्क शक्यच नसेल तर डीएनएसमास्क (डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही पुरवणारा प्रोग्रॅम, तपशील पुढे) प्रॉक्सी पद्धतीने चालवता येतो. तेव्हा पत्ते वाटायचं काम जुना डीएचसीपीच करतो आणि आपला सर्व्हर फक्त बूटची माहिती पुरवतो. रेंजच्या ओळीत दोन पत्त्यांऐवजी नेटवर्कचा पत्ता आणि 'प्रॉक्सी' हा शब्द येतो, आणि बूट फाइल 'पीएक्सई-सर्व्हिस' या ओळीने सांगायची असते. यात यूडीपी ४०११ हे पोर्टही उघडं लागतं. ही पद्धत चालते, पण फर्मवेअरनुसार तिचे नखरे वाढतात. वेगळ्या व्हीलॅनची सोय असेल तर तिकडेच जा.

सर्व्हर म्हणून साधं मशीन पुरतं, व्हर्च्युअल असलं तरी हरकत नाही. त्याला पक्का आयपी द्या. पुढे आपण १९२.१६८.५०.१० धरू. फायरवॉलमध्ये यूडीपी ६७ आणि ६९, टीसीपी ८० उघडा. टीएफटीपीची एक खोड इथे लक्षात ठेवा: विनंती ६९ वर येते, पण उत्तर सर्व्हर भलत्याच पोर्टवरून देतो. मधे एखादी फायरवॉल असेल तर तिला टीएफटीपीची ही चाल समजणारं मॉड्यूल चालू करावं लागतं.

स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलींचं वर्तुळ टाळणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉलच्या पोर्टवर पोर्टफास्ट (त्यातली थांबायची वेळ वगळणारी सेटिंग) लावा. नाहीतर केबलची लिंक आल्यावर ऐकण्याची १५ सेकंद आणि शिकण्याची १५ सेकंद जातात, तोवर स्विच काहीच पुढे पाठवत नाही. मशीन तेवढ्या वेळात हाका मारून थकतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र एक ओळही उमटत नाही, आणि माणूस सर्व्हरची कॉन्फिग उकरत बसतो.

डीएनएसमास्क

डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही एकाच छोट्या प्रोग्रॅममध्ये मिळतात, म्हणून मी डीएनएसमास्क निवडतो. कॉन्फिग फाइलमध्ये या गोष्टी हव्यात:

- पोर्ट=०. याने डीएनएसचा भाग बंद होतो. उबुंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड आधीच पोर्ट ५३ धरून असतो, त्याच्याशी होणारं भांडण इथेच मिटतं.
- इंटरफेस= पुढे इन्स्टॉलच्या नेटवर्कला जोडलेल्या कार्डाचं नाव, आणि खाली बाइंड-इंटरफेसेस. सर्व्हरला दोन कार्डं असतील तर ही ओळ विसरू नका. नाहीतर कामाच्या नेटवर्कवरही पत्ते वाटले जातील.
- डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.५०.१००,१९२.१६८.५०.१९९,१एच.
- डीएचसीपी-मॅच या शब्दाने ऑप्शन ९३ वरून खूण लावायची: ७ आला की 'ईएफआय६४', ० आला की 'बायोस'.
- डीएचसीपी-बूट त्या खुणेनुसार फाइल सांगतं: ईएफआय६४ साठी बूटएक्स६४.ईएफआय, बायोससाठी पीएक्सईलिनक्स.०. (पुढे इथे यूईएफआयचीच वाट दाखवली आहे.)
- एनेबल-टीएफटीपी, आणि टीएफटीपी-रूट=/एसआरव्ही/टीएफटीपी.
- लॉग-डीएचसीपी. ही ओळ सुरुवातीपासून घाला. अडचणीत हाच लॉग कामाला येतो.

गेटवे आणि डीएनएस स्पष्ट सांगायला हवेत. डीएनएसमास्कला गेटवे सांगितला नाही तर तो स्वतःचाच पत्ता गेटवे म्हणून पाठवतो. मग मशीन बूट होतं, इन्स्टॉलर सुरू होतो, आणि पॅकेजेस डाउनलोड करायच्या वेळी सगळं थबकतं, कारण आपला सर्व्हर राउटर नाही. डीएचसीपी-ऑप्शन ३ मध्ये खरा गेटवे आणि ६ मध्ये खरा डीएनएस लिहा.

आता मघाशी म्हटलेला आग्रह. 'डीएचसीपी-इग्नोर=टॅग:!नोन' ही एक ओळ घातली की यादीत नसलेल्या मशीनला डीएनएसमास्क उत्तरच देत नाही. यादी म्हणजे 'डीएचसीपी-होस्ट' च्या ओळी: मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक), ठरलेला आयपी, होस्टनेम. मॅक पत्ते आधी गोळा करणं कंटाळवाणं आहे हे मान्य, पण ते मशीनच्या लेबलवर किंवा मॅनेजमेंट कंट्रोलरमध्ये मिळतात, आणि या यादीचा पुढे आणखी दोन ठिकाणी उपयोग होणार आहे.

'डीएनएसमास्क --टेस्ट' चालवून वाक्यरचना तपासा, सेवा रीस्टार्ट करा. एक मशीन नेटवर्कवरून बूट करा. बूटलोडर अजून ठेवलेला नाही, त्यामुळे ते पुढे जाणार नाहीच, पण लॉगमध्ये मशीनची हाक, आपण दिलेला पत्ता, ओळखलेली खूण आणि सांगितलेली फाइल दिसली पाहिजे. दिसली की पहिली कडी बसली.

बूटलोडर: सिक्युअर बूट सांभाळून

सिक्युअर बूट म्हणजे सही केलेलाच बूटलोडर चालू देणारी यूईएफआयची सोय. बऱ्याच लेखांत 'सिक्युअर बूट बंद करा' असा सल्ला असतो. तीस मशीन्सच्या सेटअपमध्ये शिरून ते बंद करणं आणि नंतर परत चालू करायला विसरणं, हे दोन्ही टाळता येतं. उबुंटूच्या शिम-साइन्ड आणि ग्रब-ईएफआय-एएमडी६४-साइन्ड या पॅकेजेसमध्ये सही केलेल्या फाइली तयार असतात. शिम हा पहिला छोटा टप्पा, तो सही पारखून ग्रब या खऱ्या बूटलोडरला सुरू करतो. शिमएक्स६४.ईएफआय.साइन्ड ही फाइल टीएफटीपी-रूटमध्ये बूटएक्स६४.ईएफआय नावाने ठेवा. ग्रबनेटएक्स६४.ईएफआय.साइन्ड ही फाइल तिथेच ग्रबएक्स६४.ईएफआय नावाने ठेवा. दुसऱ्या फाइलीचं नाव अगदी हेच हवं, कारण शिम सुरू झाल्यावर ज्या फोल्डरमधून तो आला तिथेच या नावाने शोध घेतो. 'ग्रबनेट'वालीच फाइल घ्या. डिस्कसाठीच्या ग्रबला नेटवर्कवरची कॉन्फिग कुठे शोधायची ते माहीत नसतं.

आयएसओ माउंट करून कॅस्पर फोल्डरमधले व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी टीएफटीपी-रूटमध्ये कॉपी करा. हे दोन्ही ज्या आयएसओमधून घेतले, तीच आयएसओ पुढे एचटीटीपीवर ठेवायची. एका आवृत्तीचा कर्नल आणि दुसऱ्या आवृत्तीची आयएसओ अशी खिचडी झाली की मॉड्यूल सापडत नाहीत आणि नेटवर्क कार्ड किंवा डिस्क गायब झाल्यासारखी वाटते.

दुसऱ्या एखाद्या मशीनवरून कर्लने टीएफटीपीचा पत्ता देऊन बूटएक्स६४.ईएफआय उतरवून बघा. उतरली तर दुसरी कडीही बसली. रेड हॅट कुटुंबातल्या सर्व्हरवर 'परवानगी नाही' असं आलं, तर फाइल दुसरीकडून 'मूव्ह' करून आणल्यामुळे तिची एसईलिनक्सची (लिनक्सच्या एका सुरक्षा यंत्रणेची) खूण चुकीची राहिली असण्याची शक्यता मोठी. रिस्टोअरकॉन चालवा.

ग्रबचा मेन्यू

ग्रब आपली कॉन्फिग टीएफटीपी-रूटमधल्या ग्रब/ग्रब.सीएफजी या फाइलीतून वाचतो. मेन्यूत दोनच नोंदी ठेवा. पहिली 'लोकल': तिच्यात फक्त 'एक्झिट' हा आदेश. त्याने ग्रब बाजूला होतो आणि फर्मवेअर पुढच्या बूट पर्यायाकडे, म्हणजे डिस्ककडे जातं. काही फर्मवेअर अशा वेळी सेटअपच्या पडद्यावर येऊन थांबतात. तिथे 'एक्झिट' ऐवजी डिस्कवरचा बूटलोडर चेनलोड करावा, म्हणजे ग्रबमधूनच सुरू करावा लागतो. दुसरी नोंद 'इन्स्टॉल'. डिफॉल्ट कायम 'लोकल', टाइमआउट ५ सेकंद.

मग आपोआप इन्स्टॉल होणार कसं? ग्रबला मशीनचा मॅक पत्ता 'नेट_डिफॉल्ट_मॅक' या व्हेरिएबलमध्ये मिळतो. डिफॉल्ट ठरवल्यानंतरच्या ओळीत 'सोर्स' आदेशाने होस्ट्स फोल्डरमधली त्या मॅकच्या नावाची फाइल वाचायला सांगा. त्या फाइलीत एकच ओळ: डिफॉल्ट=इन्स्टॉल. फाइल असेल तर मशीन इन्स्टॉलला जातं. नसेल तर ग्रब तक्रार दाखवून पुढे सरकतो आणि मशीन आपल्या डिस्कवरून उठतं. मशीन पुन्हा बसवायचं म्हणजे फाइल तयार करायची. काम झालं म्हणजे फाइल काढून टाकायची. ही फाइल बंदुकीच्या खटक्यासारखी आहे, आणि ती आपण हाताने चढवल्याशिवाय चढत नाही.

'इन्स्टॉल' नोंदीतली कर्नलची ओळ हा या सगळ्या उभारणीतला सगळ्यात नाजूक भाग. तिचे तुकडे असे:

- आयपी=डीएचसीपी
- यूआरएल= पुढे आयएसओचा पूर्ण एचटीटीपी पत्ता
- क्लाउड-कॉन्फिग-यूआरएल=/डेव्ह/नल
- ऑटोइन्स्टॉल
- डीएस=नोक्लाउड;एस= पुढे उत्तरांच्या फोल्डरचा एचटीटीपी पत्ता

तिसरा तुकडा अनावश्यक वाटतो, पण तो नसेल तर क्लाउड-इनिट (उत्तरांची फाइल वाचणारा प्रोग्रॅम) 'यूआरएल' हा शब्द आपल्यासाठीच आहे असं समजून तीच अवजड आयएसओ आणखी एकदा उतरवू पाहतं आणि मेमरी भरते.

पाचव्या तुकड्यातलं अर्धविराम चिन्ह मोठं घातकी आहे. ग्रबच्या भाषेत ते चिन्ह म्हणजे आदेश संपला. त्यामुळे पुढचा पत्ता कर्नलपर्यंत पोचतच नाही. पूर्ण तुकडा दुहेरी अवतरणात घाला. दुहेरीच घ्यायचं, कारण एकेरीत व्हेरिएबलची किंमत भरली जात नाही आणि आपल्याला पत्त्याच्या शेवटी नेट_डिफॉल्ट_मॅक घालून प्रत्येक मशीनला स्वतःचं फोल्डर द्यायचं आहे. पत्ता संपल्यावरचा स्लॅशही हवाच, कारण इन्स्टॉलर त्याच्यापुढे सरळ फाइलचं नाव चिकटवतो.

उत्तरांची फाइल

एचटीटीपीसाठी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा. त्याच्या मूळ फोल्डरमध्ये आयएसओ, आणि प्रत्येक मॅकसाठी एक उपफोल्डर. उपफोल्डरमध्ये यूजर-डेटा आणि मेटा-डेटा अशा दोन फाइली. मेटा-डेटा रिकामी असली तरी चालते, पण ती असायला हवी. ज्या मशीनचं फोल्डरच नाही त्याला उत्तरं मिळत नाहीत आणि इन्स्टॉलर प्रश्न विचारत थांबतो. म्हणजे ग्रबचा खटका चुकून चढला तरी डिस्कला हात लागत नाही.

यूजर-डेटा कोऱ्या पानावर लिहायला बसू नका. एक मशीन हाताने, हवं तसं इन्स्टॉल करा. उबुंटू त्या मशीनवर /व्हार/लॉग/इन्स्टॉलर या फोल्डरमध्ये ऑटोइन्स्टॉल-यूजर-डेटा नावाची फाइल ठेवून देतं. तुम्ही दिलेली सगळी उत्तरं त्यात योग्य रचनेत असतात. ती उचला आणि तिच्यातच बदल करा.

पहिली ओळ '#क्लाउड-कॉन्फिग' अगदी तशीच, आधी मोकळी जागा न सोडता. बाकी फाइल यामल रचनेत, म्हणजे टॅब चालत नाही, फक्त स्पेस. मग 'ऑटोइन्स्टॉल' खाली व्हर्जन १, आणि त्याच पातळीवर बाकीचे भाग.

ओळखीच्या भागात होस्टनेम, युजरनेम आणि पासवर्डचा हॅश (पासवर्डचं सरळ उलटं न फिरवता येणारं रूप) येतो. हॅश 'ओपनएसएसएल पासडब्ल्यूडी -६' या आदेशाने तयार करा आणि एकेरी अवतरणात लिहा. हा हॅश साध्या एचटीटीपीवरून जातो. त्या नेटवर्कवरचा कुणीही तो वाचून निवांतपणे फोडत बसू शकतो. म्हणून इथे कायमचा पासवर्ड कधीच ठेवू नका. एसएसएचच्या भागात सर्व्हर चालू करा, पासवर्डने प्रवेश बंद करा आणि तुमची पब्लिक की घाला. पब्लिक की कुणी वाचली तरी बिघडत नाही. एपीआय टोकन, डेटाबेसचे पासवर्ड वगैरे या फाइलीत अजिबात नकोत.

डिस्कच्या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. नुसतं 'लेआउट: एलव्हीएम' (एलव्हीएम म्हणजे डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारी पद्धत) लिहिलं तर कुठली डिस्क घ्यायची ते इन्स्टॉलर स्वतः ठरवतो. एकच डिस्क असेल तर ठीक. दोन असतील तर 'मॅच' लिहून सांगायलाच हवं. आकाराने सांगता येतं, एसएसडी आहे की नाही यावरून सांगता येतं, पण सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे डिस्कचा सीरियल नंबर. 'एसडीए' सारख्या नावावर विसंबू नका. कुठली डिस्क आधी ओळखली जाईल त्यावर ती नावं ठरतात आणि रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकते. डेटाची डिस्क जपायची असेल तर इन्स्टॉलच्या वेळी तिची केबलच काढून ठेवणं हा जुना उपायही वाईट नाही.

याच भागात आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. एलव्हीएम लेआउटमध्ये उबुंटू मुद्दाम जागा राखून ठेवतं. २०० जीबीहून मोठ्या डिस्कवर रूटला १०० जीबीच मिळतात, बाकी जागा मोकळी पडून राहते. पूर्ण डिस्क हवी असेल तर 'सायझिंग-पॉलिसी: ऑल' लिहा.

शेवटी 'लेट-कमांड्स'. हे आदेश इन्स्टॉल संपताना चालतात, पण इन्स्टॉलरच्या वातावरणात. नव्या सिस्टमच्या आत काही चालवायचं तर आदेशाआधी 'कर्टिन इन-टार्गेट' लावावं लागतं. इथे सॉफ्टवेअर बसवण्याची लांबलचक यादी रचायचा मोह होतो. तो आवरा. इन्स्टॉलने फक्त एसएसएच लागेल इतकं मशीन उभं करावं, पुढचं काम अँसिबलसारख्या, दुरून मशीन्सवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाला द्यावं. लेट-कमांड्समध्ये काही फसलं तर पूर्ण इन्स्टॉल फसतो आणि सुरुवातीपासून करावा लागतो. अँसिबल मात्र जिथे अडलं तिथून पुन्हा चालवता येतं.

लूप तोडणं

आता नेहमीचा घोळ. मशीन नेटवर्कवरून बूट झालं, इन्स्टॉल झालं, रीबूट झालं, पुन्हा नेटवर्कवरून बूट झालं, पुन्हा इन्स्टॉल. रात्रभर हे चालू राहू शकतं.

सोपा उपाय म्हणजे यूजर-डेटामध्ये 'शटडाउन: पॉवरऑफ'. मशीन संपल्यावर बंद होतं. तुम्ही होस्ट्स फोल्डरमधली फाइल काढता आणि मग ते चालू करता. थोड्या मशीन्ससाठी हे पुरेसं आहे आणि सुरुवातीला मी हेच सुचवेन.

पुढचा टप्पा म्हणजे लेट-कमांड्समध्ये शेवटी सर्व्हरला कर्लने निरोप पाठवायचा आणि तिथल्या छोट्या स्क्रिप्टने त्या मॅकची फाइल काढायची. कर्लला 'सर्व्हरने चूक सांगितली तर फेल हो' हा पर्याय लावा आणि हा आदेश फसला तर इन्स्टॉल फसू द्या. ती चूक दडपायची सवय इथे महागात पडते: खटका चढलेलाच राहिला असेल तर मशीन तिथेच थांबलेलं बरं, रीबूट होऊन पुन्हा पुसलेलं नको.

सर्व्हर मशीन्सना आयपीएमआय (मशीन दुरून हाताळायची सोय) असेल तर बूटचा क्रम कायम डिस्क आधी असा ठेवा आणि हवं तेव्हाच 'आयपीएमआयटूल चॅसिस बूटडेव्ह पीएक्सई' देऊन फक्त पुढच्या एका बूटसाठी नेटवर्क निवडा. यूईएफआय मशीनवर त्यापुढे 'ऑप्शन्स=ईएफआयबूट' लावायला विसरू नका.

पहिली चाचणी व्हर्च्युअल मशीनवर

क्यूईएमयू-केव्हीएममध्ये ओव्हीएमएफ फर्मवेअर निवडून मशीन तयार करा, म्हणजे खऱ्या यूईएफआयचीच वाट तपासली जाईल. या पद्धतीत पूर्ण आयएसओ रॅममध्ये उतरते आणि ती जवळपास ३ जीबीची असते. २ जीबी रॅम दिली तर आयएसओ अर्ध्यावर अडकते आणि मग भलतीकडेच शोध सुरू होतो. ८ जीबी द्या.

चाचणी चालू असताना एनजिनएक्सचा ॲक्सेस लॉग समोर ठेवा. कुठे अडलं ते त्यात चटकन कळतं. आयएसओची विनंती दिसली, ती पूर्ण गेली, पण यूजर-डेटाची विनंतीच आली नाही? अर्धविरामाचं अवतरण तपासा. विनंती आली पण ४०४ (फाइल सापडली नाही)? मॅकच्या फोल्डरचं नाव किंवा शेवटचा स्लॅश. यूजर-डेटा २०० ने, म्हणजे नीट, गेली तरी इन्स्टॉलर प्रश्न विचारतोय? यामलची रचना किंवा पहिली ओळ. व्हेंडर-डेटासाठी ४०४ दिसला तर दुर्लक्ष करा, ती फाइल नसली तरी चालतं.

एचटीटीपीपर्यंतच पोचत नसेल तर पडद्यावरचा पीएक्सईचा संकेत बघा. खालचे आकडे जुन्या बायोसचे, यूईएफआय मशीनवर ते वेगळे असू शकतात. ई६१ म्हणजे केबल. ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच नाही: व्हीलॅन, स्पॅनिंग ट्री, किंवा मॅक यादीत नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलचं नाव नाही, बहुधा ऑप्शन ९३ ची खूण जुळली नाही. ई३२ म्हणजे टीएफटीपीने उत्तर दिलं नाही, फायरवॉल बघा. संकेतही धड कळत नसेल तर सर्व्हरवर टीसीपीडंप लावून ६७, ६८ आणि ६९ या पोर्टवरची ये-जा बघा. तारेवर काय गेलं यापेक्षा खात्रीचा पुरावा नाही.

मशीन्स वाढल्यावर

वीस मशीन्स एकाच वेळी चालू केली तर नुसत्या आयएसओचे ६० जीबी सर्व्हरमधून जायचे असतात. एक गिगाबिटच्या लिंकवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी निघतात, म्हणजे तेवढ्यातच नऊ-दहा मिनिटं गेली. म्हणून पाच-सहाच्या तुकड्या करा किंवा सर्व्हरला १० गिगाबिटचं कार्ड द्या. बाहेरून येणाऱ्या पॅकेजेससाठी सर्व्हरवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा, ते पोर्ट ३१४२ वर ऐकतं. यूजर-डेटामध्ये 'प्रॉक्सी' म्हणून तो पत्ता दिला की एक पॅकेज इंटरनेटवरून एकदाच येतं.

शेकडो मशीन्स असतील तर हाताने फाइली सांभाळत बसू नका. मास, फोरमन, कॉब्लर ही साधनं हेच सगळं तुमच्यासाठी सांभाळतात. तरी ही साखळी एकदा हाताने उभारून बघावी असं मी सांगेन, कारण ती साधनं अडली की आत हेच डीएचसीपी, टीएफटीपी आणि ग्रब निघतात.

बाकीची वितरणं

रेड हॅट कुटुंबात उत्तरांच्या फाइलीला किकस्टार्ट म्हणतात. कर्नलच्या ओळीत 'इन्स्ट.केएस' आणि 'इन्स्ट.रेपो' द्यायचे, कर्नल आणि इनिटआरडी इमेजेस/पीएक्सईबूट या फोल्डरमधून घ्यायचे. हाताने बसवलेल्या मशीनवर /रूट/ॲनाकोंडा-केएस.सीएफजी तयार मिळते. 'केएसव्हॅलिडेटर'ने ती आधीच तपासता येते. डिस्कसाठी 'इग्नोरडिस्क --ओन्ली-यूज' लिहिल्याशिवाय 'क्लिअरपार्ट --ऑल' कधीही लिहू नका.

डेबियनमध्ये प्रीसीड. भाषा, कीबोर्ड आणि नेटवर्क हे प्रश्न उत्तरांची फाइल येण्याआधीच पडतात, म्हणून कर्नलच्या ओळीत 'ऑटो=ट्रू' आणि 'प्रायॉरिटी=क्रिटिकल' हवेत, म्हणजे भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न मागे ढकलले जातात आणि कमी महत्त्वाचे बाकीचे विचारलेच जात नाहीत.

विंडोजची वाट वेगळी आहे. तिथे विनपीई (इन्स्टॉलसाठीचं छोटं विंडोज) बूट करून अनअटेंड एक्सएमएल द्यायची असते, आणि लिनक्स सर्व्हरवरून ते करायचं तर आयपीएक्सई आणि विमबूट लागतात. डीएचसीपी आणि टीएफटीपीचा भाग मात्र वर सांगितला तसाच.

नवी आयएसओ येते तेव्हा

नवी आवृत्ती आली की जुन्या फाइलींवर नवी कॉपी करू नका. आयएसओ, कर्नल आणि इनिटआरडी यांना आवृत्तीच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, ग्रबमध्ये तिसरी नोंद घाला, आणि चाचणीच्या व्हर्च्युअल मशीनच्या मॅकची फाइल फक्त त्या नोंदीकडे वळवा. तिथे इन्स्टॉल सुरळीत झालं, एसएसएच लागलं, डिस्कचे आकार बरोबर दिसले, की मग 'इन्स्टॉल' ही नोंद नव्या फोल्डरकडे न्या. यूजर-डेटा, ग्रब.सीएफजी आणि डीएनएसमास्कची कॉन्फिग गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवा. होस्ट्स फोल्डर मात्र गिटमध्ये नको, नाहीतर कुणीतरी जुनी आवृत्ती परत आणताना कधीचे उतरवलेले खटके पुन्हा चढवून बसेल.